अ‍ॅडिसनचे १७ सेकंद: डावं इंजिन गेलं आणि पाय चुकला

३० जून २०१९, रविवार, सकाळी नऊ वाजून गेलेले. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलस शहराला लागून असलेल्या अ‍ॅडिसन विमानतळाच्या १५ क्रमांकाच्या धावपट्टीवरून बीचक्राफ्ट किंग एअर ३५० जातीचं विमान फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गकडे निघालं. दोन पायलट, आठ प्रवासी. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून साधारण १७ सेकंदांत ते उलटं होऊन विमानतळावरच्याच एका हँगरचं बंद शटर फोडून आत घुसलं आणि पेटलं. दहाही जण गेले. विमान सर्वाधिक उंचीवर होतं तेव्हा जमिनीपासून अवघ्या १०० फुटांवर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढ्या उंचीवर होतं.

वजनाच्या हिशेबाने हे विमान 'हलकं' म्हणावं अशा गटाच्या थोडं वरच. कमाल वजन १५,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,८०० किलो. प्रत्येकी १,०५० अश्वशक्तीची दोन पीटी-६ टर्बोप्रॉप इंजिनं. तरी छोटी दोन-इंजिनी विमानं शिकणाऱ्यांनी हेच प्रकरण आधी वाचावं असं आमचं मत आहे. एरवी 'एका इंजिनावर ताकदच पुरली नाही' असं म्हणून सुटता येतं, इथे ती पळवाट नाही. या विमानाला एका इंजिनावर चढता येत होतं. ते काबूत राहू शकलं असतं, असा निष्कर्ष अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेने आकडेमोड करून काढला आहे.

तपासाला मिळालेला मुख्य पुरावा म्हणजे कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरमधला आवाज आणि आजूबाजूच्या कॅमेऱ्यांतली दृश्यं. आवाजावरून प्रॉपेलरचे फेरे मोजता येतात. चार पाती मिनिटाला १,७०० वेळा फिरली की सेकंदाला साधारण ११३ ठोके पडतात. दोन प्रॉपेलर वेगवेगळ्या गतीने फिरू लागले की ध्वनिपटावर एका रेघेच्या दोन रेघा होतात. तशा त्या झाल्या. उड्डाणाच्या क्षणी दोन्ही प्रॉपेलर १,७१४ ते १,७२८ फेऱ्यांवर, म्हणजे पूर्ण टेकऑफ ताकदीवर होते. सात सेकंदांनी रेघा फुटल्या. डावा १,६८८ वर आला, उजवा १,७०७ वर.

फरक फक्त १९ फेऱ्यांचा. पण विमानाचा त्या क्षणीचा वेग, सुमारे ११० नॉट (ताशी दोनशेएक किलोमीटर), हिशेबात घेतला तर डाव्या बाजूचा थ्रस्ट, म्हणजे पुढे ओढणारा जोर, जवळजवळ शून्यावर आला होता.

इथे घटकाभर थांबायला हवं, कारण दोन-इंजिनी विमान शिकताना हीच गोष्ट सगळ्यात उशिरा अंगी मुरते. या प्रॉपेलरला फेरे ठरावीक ठेवणारा गव्हर्नर असतो. इंजिनाची ताकद गेली की गव्हर्नर पात्यांचा कोन सपाट करतो आणि समोरून येणारी हवाच प्रॉपेलर फिरवत ठेवते, पवनचक्कीसारखी. त्यामुळे आरपीएमच्या काट्याकडे पाहून मेलेलं इंजिन ओळखू येत नाही. पिस्टन इंजिनात तर मॅनिफोल्ड प्रेशरचा (आत शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा) काटाही फसवतो. इंजिन नुसतं फिरत असेल तरी तो थ्रॉटल उघडा असल्यासारखाच आकडा दाखवू शकतो. टर्बोप्रॉपमध्ये टॉर्कचा (इंजिन प्रॉपेलरला देत असलेल्या पिळाचा) काटा खरं बोलतो, पण शंभर फुटांवर त्याच्याकडे पाहायला सवड कुणाला? खरं सांगणारं एकच साधन उरतं, ते म्हणजे समोरच्या काचेतून दिसणारं नाक कोणत्या बाजूला ओढलं जातंय आणि ते सरळ ठेवायला कोणता पाय दाबावा लागतोय.

बैलगाडीचा एक बैल थांबला आणि दुसरा ओढतच राहिला तर गाडी थांबलेल्या बैलाच्या अंगाला वळते. विमानाचंही तसंच, पण ते नुसतं वळत नाही. नाक डावीकडे गेलं की वारा उजव्या अंगावर येतो, उजवा पंख पुढे झाल्यासारखा होऊन त्याची उचल वाढते. डाव्या पंखावरून वाहणारा प्रॉपेलरचा झोत आधीच गेलेला असतो, त्यामुळे त्याची उचल घटलेली असते. वळण्यातून कलणं सुरू होतं ते असं. पायलटला जाणवतं ते कलणंच, म्हणून त्याचा हात आधी कंट्रोल व्हीलकडे जातो. नुसत्या एलेरॉनने (पंखाच्या टोकाकडच्या हलत्या पट्टीने) कल सावरायला गेलं की खाली झुकलेला एलेरॉन आणखी ओढ निर्माण करतो आणि नाक आणखी मेलेल्या इंजिनाकडे जातं. इलाज पायातच असतो, शेपटीवरचं उभं सुकाणू म्हणजे रडर फिरवणाऱ्या पेडलवर.

अ‍ॅडिसनला पाय चालला, पण उलटा. रेघा फुटल्यानंतर दोन सेकंदांत विमान जवळजवळ २० अंश तिरकं सरकत होतं. एका बाजूचा थ्रस्ट गेल्याने एवढा तिरकेपणा इतक्या लवकर येऊ शकत नाही, असं निर्मात्यांच्या आकड्यांवरून दिसलं. म्हणजे कुणीतरी त्यात भर घातली होती. डावं इंजिन गेलं असताना पायलटने बहुधा आधी डावं पेडल दाबलं आणि काही सेकंदांनी उजवं. पहिले पाच सेकंद विमान सेकंदाला पाच अंश या बेताने डावीकडे कलत होतं, म्हणजे एकूण पंचवीसेक अंश. हे अजून सावरण्याजोगं वाटतं. मग कलण्याची गती एकदम सेकंदाला ६० अंशांच्या वर गेली. या गतीने उताणं व्हायला तीन सेकंदही लागत नाहीत. उजवा पाय आला तेव्हा उंची संपलेली होती.

रेकॉर्डरवर पायलटचं 'हे काय झालं?' अशा अर्थाचं वाक्य आहे. त्यानंतर सहपायलट सांगतो की तुमचं डावं इंजिन गेलं. स्टॉल वॉर्निंगचा, म्हणजे पंखांची उचल कोलमडत असल्याचा, भोंगा वाजतो आणि शेवटी कल धोक्याचा असल्याची यांत्रिक सूचना पुन्हा पुन्हा येते. पायलट नवशिक्या नव्हता, त्याच्या नावावर हजारो तासांचं उड्डाण होतं. तरी तो दचकला असावा आणि त्यातून पहिलं चुकीचं पेडल दाबलं गेलं असावं, अशी शक्यता दिसते.

सहपायलटची सूचना चुकीची नव्हती, पण उपयोगाची कमी होती. 'डावं इंजिन गेलं' हे ऐकल्यावर डोक्यात एक उलथापालथ करावी लागते: डावं गेलं, म्हणजे उजवा पाय. दचकलेल्या माणसाला 'डावं' एवढंच ऐकू येण्याची भीती असते. दोन जणांच्या कॉकपिटमध्ये टेकऑफपूर्वी ठरवून घ्यावं की काही झालं तर दुसऱ्याने निदान सांगायचं नाही, कृती सांगायची: 'राइट रडर!' ही आमची पसंती आहे. काही प्रशिक्षक यावर वाद घालतील. सहपायलटही चुकू शकतो हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण ज्याला खिडकीबाहेर नाक डावीकडे जाताना दिसतंय, त्याला इंजिनाचं नाव कळायची गरजच नाही.

आता वेगाचं गणित. एक इंजिन बंद, दुसरं पूर्ण ताकदीवर, अशा स्थितीत ज्या वेगाखाली रडर पूर्ण दाबूनही नाक सरळ राहत नाही, तो व्हीएमसी. वेगमापकावर तो लाल रेषेने दाखवलेला असतो. किंग एअर ३५० मध्ये तो सुमारे ९४ नॉट. ११० मधून ९४ गेले तर उरतात १६. हा आकडा दिसतो तेवढा भरघोस नाही. व्हीएमसी ठरवताना विमान जिवंत इंजिनाच्या बाजूला पाच अंशांपर्यंत कललेलं धरतात. पंख सपाट ठेवले की खरा व्हीएमसी वाढतो, ढोबळमानाने दर अंशाला तीन नॉट. म्हणजे पाच अंशांचे पंधरा नॉट तिथेच गेले. विमान मेलेल्या बाजूला कलू लागलं तर लाल रेषेचा आकडा कागदावरच राहतो. शिवाय तिरकं सरकणारं विमान हवेला आडवं अंग दाखवतं, ओढ वाढते, वेग पडतो आणि फरक दोन्ही बाजूंनी आक्रसतो.

त्यात या विमानाने नाक उचललं तेच व्हीआर, म्हणजे ठरलेला रोटेशनचा वेग, गाठण्याआधी, असा तपासाचा अंदाज आहे. एका साक्षीदाराला ते फार तीव्र कोनात उचललेलं दिसलं. चार-पाच नॉट लवकर उचललं तर रोजच्या उड्डाणात काहीच बिघडत नाही, म्हणून ही सवय लागते. ज्या दिवशी बिघडतं त्या दिवशी तेच चार-पाच नॉट म्हणजे विचार करायला मिळणारा एक-दीड सेकंद असतो. वजनही मर्यादेपेक्षा किंचित जास्त होतं, पण चढण्याचा दर अपेक्षेच्या जवळपास होता, म्हणून वजनाला कारणांत धरलेलं नाही.

अवशेषांत दोन गोष्टी ठळक दिसल्या. मुख्य चाकं खालीच होती आणि डावा प्रॉपेलर फेदर झालेला नव्हता. फेदर म्हणजे पाती वाऱ्याला समांतर करणं, जेणेकरून बंद प्रॉपेलर ओढ देणार नाही. न फेदरलेला, फिरत राहिलेला प्रॉपेलर हवेच्या वाटेत मोठी तबकडी आडवी धरल्यासारखा असतो. या विमानात ऑटोफेदर, म्हणजे ताकद गेल्यावर आपोआप फेदर करणारी यंत्रणा, असते. ती चालू केलेली होती का, हे जळालेल्या अवशेषांवरून ठरवता आलं नाही. आणि थ्रस्ट मुळात का गेला याचं कारणही तपासात निश्चित झालं नाही.

तरी अहवालातला एक धागा आमच्या मते सगळ्यात व्यवहारी आहे, तो म्हणजे फ्रिक्शन लॉक. किंग एअरच्या पॉवर लिव्हरना मागे सरकण्याचा कल असतो. त्या जिथल्या तिथे राहाव्यात म्हणून क्वाड्रंटवर (लिव्हर बसवलेल्या पेटीवर) घर्षण कमी-जास्त करायच्या गोल मुठी असतात. त्या सैल राहिल्या आणि पायलटने चाकं उचलण्यासाठी हात काढला की एखादी लिव्हर, बहुधा डावी, हळूच मागे घसरते. इंजिन धडधाकट, पण ताकद गेलेली. यातला डाव असा की ऑटोफेदर सज्ज राहायला दोन्ही लिव्हर बऱ्याच पुढे असाव्या लागतात. त्यामुळे लिव्हर स्वतःच मागे आली तर यंत्रणेला वाटतं, पायलटनेच ताकद कमी केली आहे, आणि ती निःशस्त्र होते. प्रॉपेलर फेदर होत नाही. बाहेरून हे हुबेहूब इंजिन गेल्यासारखं दिसतं आणि इलाज मात्र लिव्हर पुढे ढकलणं एवढाच असतो. म्हणूनच जवळजवळ प्रत्येक दोन-इंजिनी विमानाच्या ड्रिलमध्ये पहिलं वाक्य 'सगळं पुढे' हे असतं. अ‍ॅडिसनला असंच झालं असा दावा कुणीही केलेला नाही. पण फ्रिक्शन तपासणं हे टेकऑफपूर्वीच्या चेकलिस्टमधलं काम आहे, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या सकाळी चेकलिस्ट म्हटल्याचं ऐकू येत नाही. इंजिन गेलं तर काय करायचं याची चर्चाही नाही.

एनटीएसबीने ठरवलेलं संभाव्य कारण असं: डाव्या इंजिनाचा थ्रस्ट घटल्यावर पायलटला विमान काबूत ठेवता आलं नाही. हातभार लावणाऱ्या गोष्टी: निर्मात्याने दिलेली आपत्कालीन कृती न करणं आणि सर्व टप्प्यांवर चेकलिस्ट न पाळणं.

हे एकटंदुकटं प्रकरण असतं तर पायाच्या चुकीला योगायोग म्हणता आलं असतं. ३० ऑक्टोबर २०१४ ला कॅन्ससमधल्या विचिटा विमानतळावरून उडालेल्या किंग एअर बी-२०० च्या एकट्या पायलटने डावं इंजिन गेल्याचं टॉवरला कळवलं. विमान १२० फुटांच्या आसपास गेलं, डावीकडे वळलं आणि एका प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीवर आदळलं. आतल्या सिम्युलेटरमधले तिघे आणि पायलट असे चौघे गेले. तिथेही चाकं खाली, डावा प्रॉपेलर न फेदरलेला, विमान बरंच तिरकं आणि अहवालात रडर चुकीचा दिल्याचा उल्लेख. सिम्युलेटर शिकवणाऱ्या इमारतीवर हे व्हावं, यावर काय बोलणार.

आता हीच वेळ पिस्टनवाल्या, खरोखर हलक्या विमानावर आली तर? पाइपर सेमिनोल घ्या. १८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, कमाल वजन ३,८०० पौंड. व्हीएमसी ५६ नॉट, रोटेशन ७५ ला, आणि एका इंजिनावर सर्वांत चांगला चढण्याचा वेग ८८ नॉट, वेगमापकावरची निळी रेषा. दोन इंजिनांवर हे विमान मिनिटाला बाराशे फुटांच्या घरात चढतं. एक गेलं की दोनशेच्या थोडं वर. ताकद निम्मी गेली, पण चढण्याची क्षमता ऐंशी टक्क्यांहून जास्त गेली, कारण विमान हवेत टिकवायलाच बरीचशी ताकद खर्ची पडते आणि चढायला फक्त शिल्लक वापरता येते. ८८ नॉटला मिनिटाला दोनशे फूट म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना साधारण बावीस मीटर उंची. तेही समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, चाकं वर, प्रॉपेलर फेदर आणि वेग तंतोतंत निळ्या रेषेवर असताना. यातलं एक जरी चुकलं तरी शिल्लक शून्य.

गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवर डायमंड डीए-४२ या दोन-इंजिनी विमानावर प्रशिक्षण होतं. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश धरतात. वैशाखात पारा ४५ ला गेला की फरक ३२ अंशांचा, अंशाला १२० फूट धरले तर ३,८०० फुटांहून जास्त भर. गरम हवा विरळ असते, म्हणून विमानाला वाटतं आपण ४,८०० फुटांवर आहोत. सेमिनोलची एका इंजिनावरची मजल साधारण ३,८०० फुटांपर्यंतच असल्याने, पूर्ण वजनाचं सेमिनोल त्या दुपारी तिथे एका इंजिनावर जवळजवळ चढणारच नाही, हळूहळू उतरूही शकेल. डीए-४२ च्या टर्बो डिझेल इंजिनांना उंचीचा त्रास कमी होतो, पण कोणत्या तापमानाला किती चढेल हे सांगणारा तक्ता त्यांचाही पाहावाच लागतो. विदर्भातली उड्डाणं पहाटे उरकण्यामागे नुसती घामाची सोय नाही.

म्हणून निर्णय धावपट्टीवर उभं असतानाच घ्यायचा, मोठ्याने बोलून. चाकं जमिनीवर असताना काही झालं तर दोन्ही थ्रॉटल बंद, ब्रेक. हवेत, पण चाकं खाली आणि समोर धावपट्टी शिल्लक, तरी दोन्ही थ्रॉटल बंद आणि सरळ समोर उतरायचं. चाकांची लिव्हर वर केली की मग पुढे जायचं, तेही तक्ता हो म्हणत असेल तरच. तक्ता नाही म्हणत असेल तर या विमानाला दुसरं इंजिन फक्त पडायची जागा निवडण्यापुरतं आहे असं मानायचं. दोन्ही थ्रॉटल मागे घेऊन सपाट शेतात काबूत उतरलेलं विमान उलटं होत नाही. हे पचायला जड जातं, कारण दुसरं इंजिन चालू असताना ते आपल्या हाताने बंद करणं मनाला पटत नाही.

पुढे जायचं ठरलं तर क्रम असा. सगळ्यात आधी पाय: नाक सरळ, आणि जिवंत इंजिनाच्या बाजूला दोन-तीन अंश कल, बॉल (तिरकेपणा दाखवणाऱ्या नळीतली गोळी) त्याच बाजूला अर्धा बाहेर. नाक खाली आणून निळी रेषा पकडायची. इथे बहुतेकांचा हात आखडतो, कारण जमीन जवळ असताना नाक खाली करायला कुणालाच आवडत नाही, पण दोन इंजिनांवरचा चढण्याचा कोन तसाच ठेवला तर वेग सेकंदाला दोन-तीन नॉट या गतीने सुटतो. मग मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), प्रॉप, थ्रॉटल सगळं पुढे. फ्लॅप वर, चाकं वर. आता ओळख: जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन मेलेलं. खात्री करायला त्या बाजूचा थ्रॉटल सावकाश मागे घ्यायचा. पायावरचा जोर बदलला नाही तर निदान बरोबर. मग त्याच बाजूचा प्रॉप लिव्हर फेदरला.

या खात्रीच्या पायरीत दोन खाचा आहेत. ऑटोफेदर असलेल्या किंग एअरमध्ये लिव्हर आधी मागे ओढायची नाही, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे त्याने ऑटोफेदरच निःशस्त्र होतं. प्रॉपेलर फेदर होऊन थांबेपर्यंत वाट पाहायची. छोट्या पिस्टन विमानांतून पुढे गेलेल्यांचा हात सवयीने इथे घसरतो. दुसरी खाच पिस्टनवाल्यांसाठी: प्रॉपेलरमध्ये केंद्रोत्सारी (फिरण्याच्या जोराने बाहेर राहणाऱ्या) खिळी असतात, साधारण ८०० ते ९५० फेऱ्यांखाली त्या अडकतात आणि मग फेदर होतच नाही. इंजिन जाम होत थांबत असेल तर फार वेळ चिकित्सा करत बसू नये. डीए-४२ मध्ये प्रॉपचा लिव्हरच नाही, इंजिन मास्टर बंद केला की फेदर होतं. म्हणजे तिथे चुकीचा स्विच हीच सगळी भीती.

आग लागलेली नसेल तर इंधन, मॅग्नेटो, पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न हे सगळं चारशे फुटांच्या वर. त्याखाली टॉवरशीही बोलायची घाई नको, टॉवर पेडल दाबू शकत नाही.

आणि सराव. सिम्युलेटरमध्ये इंजिन जाणार हे माहीत असतं, पाय आधीच सावध असतो. अ‍ॅडिसनसारखा दचका तिथे येत नाही. तो आणायचा तर प्रशिक्षकाने सलग पाच-सहा टेकऑफ काहीच न करता सोडावे आणि मग एखाद्या वेळी, चाकं वर जाताना, इंजिन पूर्ण न मारता नुसती लिव्हर सावकाश मागे सरकवावी. विद्यार्थ्याचा कोणता पाय आधी हलतो, ते त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता पेडलकडे पाहून टिपून ठेवावं.